जित्याची खोड

विष्णुपुरीतल्या आमच्या घरात दुपारी दोघे झोपतात. एक आमचे अण्णा आणि दुसरा माझा संगणक. दोघांच्या झोपण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती उठण्याबद्दल.

संगणक (कंपनीचं नाव सांगत नाही, उगाच कुणाच्या लेकराला नावं कशाला ठेवा!) झोपेतून उठला की माऊसला ओळखच देईना. मी वायर उपसली, खोचली, फुंकर मारली, शेवटी एक चापटही दिली. मग भाच्याला बोलावलं. १९८१ साली निघालेल्या इथल्या श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेत तो शिकतो.

"मामा, हे काय करायलाव?" तो म्हणाला. "माऊस चांगला हाय. घोळ कंट्रोलरचा हाय."

१९९६ साली यूएसबी निघालं तेव्हाच म्हणे ठरलं, की विचारल्याशिवाय कुणी बोलायचं नाही. होस्ट कंट्रोलर नावाची चिप पंगतीतल्या वाढप्यासारखी माऊस, कीबोर्ड, प्रिंटर सगळ्यांना विचारत फिरते. झोपून उठल्यावर वाढप कुठवर आलं होतं, हे तिनं आठवायचं असतं. काही चिपांना ते आठवत नाही.

"मग चिप बदल की!"

"विकलेल्या चिपा कोण बदलणार, मामा? लिनक्समधे अशा खोडींची यादीच हाय. ड्रायव्हर आधी चिप कोणती ते बघतो आणि तिच्या कलानं घेतो."

इंटेलचे दोन बोर्ड तर बंद केल्यावर काही सेकंदांत आपोआप सुरू व्हायचे. निरोप घेऊन दारातून परत फिरणाऱ्या पाहुण्यासारखे! ड्रायव्हरवाल्यांनी वाद घातला नाही. बंद करतेवेळी त्यांचे पोर्ट जुन्या कंट्रोलरच्या हवाली करायचे, एवढंच ठरवलं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथं तर चिप जितीही नव्हती!

माझ्या चिपेचा उपाय साधा निघाला. उठल्यावर तिला मागचं काही आठवायला लावायचं नाही. सरळ रिसेट. मग ती प्रत्येकाला नवा नंबर देते आणि "तू कोण, काय करतोस?" हे पहिल्यापासून विचारते. भाच्यानं एक ओळ लिहिली आणि माऊस पळू लागला.

तेवढ्यात अण्णा उठले. वय ऐंशीच्या पुढं. माझ्याकडे बघून म्हणाले, "आपण कोण?"

हल्ली असं होतं. मी नेहमीसारखा सुरू झालो, "अण्णा, असं काय करता? सकाळी आपण सोबत पेपर नाही का वाचला? आठवा बरं!" अण्णांचा चेहरा कावराबावरा झाला.

आईनं मला बाजूला सारलं. चहाचा कप त्यांच्या हातात दिला. "हा आपला थोरला. बँकेत होता. आता आपल्यापाशीच असतो."

अण्णांनी दोन घोट घेतले. "बसा," म्हणाले. आणखी दोन घोट झाले. "बस रे. चष्मा कुठं ठेवलास माझा?"

भाचा बघतच राहिला. "आजीला हे कुणी शिकवलं?"

आईकडे ही यादी पन्नास वर्षांपासून आहे. लिहून ठेवलेली नाही, एवढंच. तिच्यात माझंही नाव असणारच. त्याच्यापुढं कोणती खोड आहे, हे विचारायचं धाडस मात्र अजून झालेलं नाही.