सिमुनुलचे चार खांब

फिलिपिन्स म्हटले की आपल्यापुढे चर्च उभे राहते. आखातात किंवा जहाजावर नोकरी केलेल्या आपल्या मंडळींना भेटलेले फिलिपिनो सोबतीही बहुधा ख्रिस्तीच. पण त्याच देशाच्या नैर्ऋत्य टोकाला, तावी-तावी प्रांतात, सिमुनुल नावाचे छोटे बेट आहे. तिथल्या तुबिग इंदांगन गावात देशातली सर्वांत जुनी मशीद आहे. शेख करीमुल मखदूम या अरब धर्मप्रचारकांनी ती १३८० साली बांधली, असे परंपरा सांगते. म्हणजे मॅगेलन १५२१ मध्ये तिकडे पोहोचला, त्याच्या १४१ वर्षे आधी!

आजची इमारत सिमेंटची आहे. बाहेरून पाहणाऱ्याची थोडी निराशाच व्हावी. जुन्या मशिदीचे चार लाकडी खांब मात्र आत जपून ठेवले आहेत. मखदूमसाहेबांची कबर आपल्याकडेच, असे शेजारच्या सिबुतू बेटावरचे लोक सांगतात. निवाडा कोण करणार?

वस्ती सामा लोकांची. किनाऱ्यावरची घरे पाण्यात रोवलेल्या खांबांवर उभी. मासेमारी आहेच, शिवाय समुद्रात ताणलेल्या दोरांना समुद्रशेवाळ बांधून त्याची शेती करतात आणि उन्हात वाळवून विकतात. त्यातून निघणारे कॅराजीनन आइस्क्रीम, मिठाई दाट करायला जिलेटिनऐवजी चालते. पाकिटावरची अक्षरे निरखून वाचणाऱ्या आपल्या घरांना हे ठाऊक असावे. बायका केवड्याच्या जातीच्या पानांच्या पट्ट्या रंगवून सुरेख चटया विणतात.

दर ७ नोव्हेंबरला मखदूमसाहेबांच्या स्मरणार्थ तिकडच्या मुस्लिम भागात सुट्टी असते.