अनोळखी माणसांसाठी एक भिंत

इसवी सनाचं दुसरं शतक. आजच्या तुर्कस्तानच्या नैर्ऋत्येला, डोंगरावर वसलेल्या ओएनोआंदा नावाच्या नगरात एका म्हाताऱ्याने पदरमोड करून एक भिंत लिहून घेतली. म्हाताऱ्याचं नाव डायोजेनिस. पिंपात राहणारा, सिकंदराला ‘उन्हातून बाजूला हो’ म्हणणारा डायोजेनिस तो वेगळा. तो याच्या साडेचारशे वर्षं आधी होऊन गेला. हा गावातला खाऊनपिऊन सुखी माणूस. भर वर्दळीतल्या एका खांबांच्या ओवरीत त्याने एपिक्युरस या ग्रीक विचारवंताचं तत्त्वज्ञान दगडात कोरवलं. अभ्यासकांचा अंदाज असा, की मूळ लेख सुमारे २५,००० शब्दांचा आणि भिंत ८० मीटरच्या आसपास लांब असावी.

एवढा खटाटोप कशासाठी, ते त्याने भिंतीवरच सांगून ठेवलंय. आयुष्य मावळतीला आलंय. भोवतालची माणसं साथीच्या रोगाने पछाडल्यासारखी खोट्या समजुतींनी आजारी आहेत, आणि मेंढरांसारखी एकमेकांकडून तो रोग घेताहेत. आजारी एकदोघंच असते तर त्यांच्याजवळ बसून त्याने समजूत घातली असती. पण रोगी पुष्कळ, आणि अजून जन्माला न आलेलेही आपलेच. गावात येणारे परकेही त्याने यात धरले, कारण सगळी पृथ्वी मिळून माणसांचं घर एकच, असं तो मानत होता.

औषध होतं चारशे वर्षांपूर्वीचं. एपिक्युरस इ.स.पू. ३४१ मध्ये सामोस बेटावर जन्मला आणि पुढे अथेन्सच्या वेशीबाहेर एक बाग विकत घेऊन मित्रांसह राहिला. बागेत बायका होत्या, गुलामही होते; मृत्युपत्रात त्याने मायस नावाच्या गुलामाला स्वातंत्र्य दिलं. त्याचं निरीक्षण साधं होतं. तान्हं मूलसुद्धा सुखाकडे झेपावतं आणि दुःखापासून अंग चोरतं. माणसाचा स्वभावच तो. मग मोठेपणी बिघडतं कुठे? भीतीत. देवांच्या कोपाची भीती, मरणाची भीती. त्या भीतीपोटी माणूस सत्ता, पैसा, नावलौकिक गोळा करत सुटतो, आणि या हावेला तळ नसतो. भुकेला असतो. भाकरी आणि पाणी मिळालं की ती भागते. एकदा त्याने मित्राकडे थोडंसं चीज मागितलं, मनात येईल तेव्हा मेजवानी करता यावी म्हणून! अशा माणसाला जगाने चैनखोर ठरवलं. आपल्याकडे चार्वाकाच्या वाट्यालाही हेच आलं.

भिंतीची मांडणी पाहिली की या म्हाताऱ्याविषयी माया वाटते. म्हातारपणावरचा मजकूर सर्वांत वरच्या ओळींत आहे आणि त्याची अक्षरं मोठी आहेत; खाली उभ्या माणसाला मान वर करून वाचता यावीत म्हणून. नीतीविषयीच्या मजकुराखालून एपिक्युरसच्या वचनांची एकच सलग ओळ धावते. चालता चालता वाचायची सोय! वाचणाऱ्याचे डोळे, त्याचे पाय, सगळ्याचा विचार या माणसाने केला होता. तत्त्वज्ञान शिकवणारे अनेक झाले. वाटसरूची इतकी काळजी घेणारे थोडे.

असा काळ येईल, की न्याय आणि परस्परांविषयीचं प्रेम सगळीकडे नांदेल, तटबंद्या लागणार नाहीत, माणसं स्वतः शेती करतील, असंही त्याने कोरवलं होतं. तिसऱ्या शतकात धोका वाढला, तटबंदीला जागा हवी झाली आणि ओवरी पाडली गेली. दगड इथे-तिथे गेले, कुणाच्या बांधकामात बसले, डोंगरउतारावर विखुरले.

१८८४ साली फ्रेंच अभ्यासकांना त्यांतले पहिले तुकडे दिसले. पुढे मार्टिन फर्ग्युसन स्मिथ या ब्रिटिश विद्वानाने १९६८ पासून या डोंगरावर अक्षरशः आयुष्य वेचलं. २००७ पासून जर्मन पुरातत्त्व संस्थेच्या मोहिमेनेही बरेच नवे तुकडे उजेडात आणले. तरी अजून लेखाचा मोठा भाग मातीखालीच आहे.

सापडलेल्या तुकड्यांत एक पत्र आहे. बहुतेक अभ्यासक ते एपिक्युरसने आईला लिहिलेलं मानतात. आईच्या स्वप्नात दूर गेलेला मुलगा येतो आणि ती घाबरते. मुलगा तिला समजावतो: अशा भासांनी जिवाला घोर लावून घेऊ नकोस, मी इथे दिवसेंदिवस अधिक सुखात आहे. घरून तिचं काही ना काही येत असावं, कारण तेही तो थांबवायला सांगतो. तिला उणं पडून आपल्याकडे भरभराट व्हावी, हे त्याला नको आहे. मित्र आहेत, वडील पैसे पाठवतात, माझं सगळं नीट भागतं. माझ्यासाठी स्वतःवर ओझं घेऊ नकोस, असं तो आईला कळवतो.