आतषबाजीचा फोटो आणि आप्पांची छाती

आमच्या घरात भिंतीवर आतषबाजीचा एक फोटो आहे. काळ्या आभाळात लाल फूल उमलले आहे, त्याखाली चाळीच्या गॅलऱ्या आणि गॅलऱ्यांत उभी असलेली माणसे. घरी आलेले पाहुणे विचारतात, "हा कुणी काढला?" मी काढला म्हटले की त्यांना खरे वाटत नाही. या फोटोमागची हकिगत आज सांगावीशी वाटते. तरुण मुलांना तिच्यातून फोटो काढण्याचे चार नियम मिळतील. माझी एक चूकही तिच्यात आहे, ती मोठ्यांनी वाचावी.

आमचे आप्पा मुंबईतल्या एका गिरणीत कार्ड खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि आप्पा पुन्हा कामावर गेले नाहीत. नोकरी गेली, पण तीस वर्षे छातीत बसलेली कापसाची धूळ गेली नाही. जिना चढताना त्यांना दोनदा थांबावे लागे. तरीही १३ एप्रिलच्या रात्री बारा वाजता चाळीच्या मैदानात जयंतीची आतषबाजी सुरू झाली की आप्पा लहान मुलासारखे खूश होत. "याचा एक फोटो पाहिजे रे घरात," असे ते दरवर्षी म्हणत.

१९८९ साली मी मित्राचा साधा कॅमेरा मागून आणला आणि छत्तीस फोटोंचा अख्खा रोल संपवला. धुऊन आणला तर सगळा कोरा! नाक्यावरचे स्टुडिओवाले काका हसले. म्हणाले, "अरे, या डब्याचं शटर सेकंदाच्या शंभराव्या भागापुरतं उघडतं. तेवढ्यात ठिणगी कशी सापडणार? आणि फ्लॅश कशाला मारलास? त्याचा उजेड दहा-पंधरा फुटांपलीकडं जात नाही. आभाळाला तो काय उजेड देणार?" पैसे गेले, पण पहिला धडा मिळाला.

पुढच्या वर्षी ओव्हरटाइमचे पैसे साठवून चोर बाजारातून एक जुना रशियन झेनिट घेतला. त्यात 'बी' नावाची सोय होती. बटण दाबून ठेवाल तोपर्यंत शटर उघडे राहते. मी कॅमेरा कठड्यावर टेकवला, भिंगाचे तोंड पूर्ण उघडे म्हणजे एफ २ वर ठेवले आणि बटण दाबून बसलो. या वेळी रोल कोरा आला नाही, पण रेषा डॉक्टरांच्या अक्षरासारख्या वाकड्या आल्या आणि लाल, हिरवे सगळे रंग पांढरे पडले.

काकांनी पुन्हा समजावले. "हात कितीही घट्ट धरला तरी तीन-चार सेकंद स्थिर राहत नाही. स्टँड पाहिजे. आणि भिंग एवढं उघडं कशाला? ठिणगी स्वतःच दिवा आहे. ती फिल्मवरच्या एका जागेवर क्षणभरच थांबते आणि पुढं जाते. म्हणून रेषा किती उजळ येणार ते भिंगाच्या तोंडावर ठरतं, आणि किती लांब येणार ते वेळेवर." हे वाक्य मी अजून विसरलो नाही. दारू उडवण्याच्या फोटोचे निम्मे शास्त्र या एका वाक्यात आहे.

मग १९९१ साल उजाडले. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचे वर्ष! आदल्याच वर्षी त्यांना भारतरत्न जाहीर झाले होते. चाळीत वर्गणी दुप्पट जमली आणि आतषबाजीही तशीच ठरली. मी लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका मित्राकडून स्टँड आणला. बटणाला लावायची केबल घेतली, म्हणजे बोटाचा धक्का कॅमेऱ्याला बसत नाही. १०० एएसएची रंगीत फिल्म भरली. तोंड एफ ८ वर आणि फोकस अनंतावर. शिवाय बुटाच्या खोक्याचा काळा केलेला पुठ्ठा जवळ ठेवला. शटर उघडे ठेवायचे, रॉकेट उडाले की पुठ्ठा भिंगापुढून काढायचा, फूल विझले की पुन्हा झाकायचे. अशाने एकाच फोटोत दोन-तीन फुले बसतात.

जागा मी शेजारच्या चाळीच्या गच्चीवर निवडली. तिथून मैदान आणि आमच्या गॅलऱ्या दोन्ही दिसत. आप्पा म्हणाले, "मी पण येतो." चार मजले त्यांना मी आणि धाकट्या भावाने धरून चढवले. खुर्ची दिली. बारा वाजले, खाली जयघोष झाला आणि पहिले रॉकेट वर गेले.

पहिले तीन फोटो घेतले. आप्पा टाळ्या वाजवत होते. नंतर धूर आला. वारा मैदानाकडून आमच्याकडे वाहत होता आणि मी जागा निवडताना वाऱ्याचा विचारच केला नव्हता. दहा मिनिटांत गच्ची धुराने भरली. आप्पा खोकू लागले. भाऊ म्हणाला, "दादा, खाली नेऊ या." मी म्हणालो, "थांब, मोठा बार राहिलाय. दोनच मिनिटं." आप्पाही हाताने खूण करून "काढ, काढ" म्हणाले. मी पुठ्ठा धरून आभाळाकडे पाहत राहिलो. दोन मिनिटांची दहा झाली. वळून पाहिले तेव्हा आप्पांचे ओठ निळे पडले होते.

ती रात्र आम्ही सरकारी दवाखान्यात काढली. आई एक शब्द बोलली नाही. तिने बोलायला हवे होते, असे मला आजही वाटते. सकाळी आप्पांना थोडे बरे वाटले. डोळे उघडून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "आला का रे फोटो?"

रोल धुतला. चौथ्या फोटोपासून पुढचे सगळे करडे आणि घाण. ज्या मोठ्या बारासाठी मी आप्पांना धुरात बसवले, तो राखेच्या डागासारखा दिसत होता. चांगला आला तो तिसरा, धुराआधीचा. म्हणजे मी "दोनच मिनिटं" म्हणालो, त्याच्या आधीच माझे काम झाले होते. आप्पांनी तोच फोटो मोठा करून लावायला सांगितला. त्यानंतर ते दोन वर्षे जगले, पण गच्ची पुन्हा चढले नाहीत.

आता काळ बदलला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने दिवाळीत फटाके रात्री आठ ते दहा याच वेळेत उडवावेत असा आदेश दिला. आमच्या चाळीनेही बारा वाजताची आतषबाजी बंद केली. आता गॅलऱ्यांत मेणबत्त्या लावतात. वस्तीत दमेकरी किती आहेत हे आम्हालाच ठाऊक! पण जिथे आतषबाजी होते, तिथे आपली मुले मोबाइल घेऊन जाणारच. त्यांच्यासाठी सांगतो. मोबाइलमध्ये 'प्रो' सोय असेल तर आयएसओ १०० ठेवा, शटर दोन ते चार सेकंद. बहुतेक मोबाइलचे तोंड लहान-मोठे करता येत नाही, म्हणून फोटो पांढरा पडला तर आयएसओ ५० करा किंवा वेळ कमी करा. फ्लॅश बंद. झूम करू नका. मोबाइल विटेला टेकवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. कॅमेरा असेल तर आयएसओ १००, एफ ८ ते ११. आणि चांगले फोटो पहिल्या पाच मिनिटांत घ्या, कारण नंतर धूरच येतो.

या सगळ्याआधी एक करा. रुमाल वर धरून वारा कुठून येतो ते पाहा आणि वारा पाठीवर येईल अशा बाजूला उभे राहा. त्याने फोटो स्वच्छ येतो, आणि शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला श्वासही घेता येतो. मला यातला पहिला फायदा काकांनी सांगितला असता. दुसरा मात्र मलाच दिसायला हवा होता.