संशय आणि पुरावा

तान्ह्या मुलाच्या मृत्यूची चौकशी हे मला सर्वांत जड काम वाटते. बाळाला जिवंतपणीही काही सांगता येत नव्हते. जवळ बहुधा एकच माणूस होते, आणि बाहेरून कित्येकदा जखमही दिसत नाही.

फेब्रुवारी १९९७ मध्ये अमेरिकेत बॉस्टनजवळ मॅथ्यू ईपन हे आठ महिन्यांचे बाळ दगावले. आईवडील दोघेही डॉक्टर, वडील भारतीय वंशाचे. बाळ सांभाळायला इंग्लंडहून आलेली लुईस वुडवर्ड ही कोवळ्या वयाची मुलगी होती. कवटीला तडा, मेंदूभोवती रक्तस्राव. सरकारी डॉक्टर म्हणाले, त्याच दिवशी बाळाला जोराने हलवून आपटले; बचावाचे म्हणाले, इजा काही आठवड्यांची जुनी आहे. ३० ऑक्टोबरला ज्यूरीने खून ठरवला. १० नोव्हेंबरला न्यायाधीश झोबेल यांनी तो हेतूविना घडलेल्या मनुष्यवधावर आणला आणि भोगलेले २७९ दिवस पुरेसे मानले.

मेंदूच्या आवरणाखाली रक्त, दृष्टिपटलावर रक्त आणि मेंदूला सूज दिसली की बाळाला हलवले, आणि शेवटी जवळ होता तोच दोषी, असे समीकरण तेव्हा रूढ होते. १९७१ मध्ये ही कल्पना मांडणारे ब्रिटिश शल्यविशारद नॉर्मन गथकेल्च यांनाच उतारवयात तिच्या अशा वापराची चिंता वाटू लागली. या खटल्यातील सरकारी साक्षीदार, क्ष-किरणतज्ज्ञ पॅट्रिक बार्न्स, यांनीही पुढे मत बदलले. रक्त न गोठण्याचा विकार, मेंदूच्या शिरेतील गुठळी, जंतुसंसर्ग यांतही अशी काही लक्षणे दिसू शकतात.

म्हणून अत्याचार खोटा ठरत नाही. बाळांना मोठ्यांच्या हातून मरण येते, हे बालरोगतज्ज्ञ आजही ठामपणे सांगतात. अशा वेळी गप्प बसणे म्हणजे त्या जिवाला दुसऱ्यांदा टाकून देणे.

बडोद्यातील आमच्या वाड्यात एक बाळ असेच अचानक गेले, तेव्हा ना डॉक्टरांचा दाखला होता ना पंचनामा. दिवेलागणीपर्यंत बायकांनी निकाल दिला होता : सून पांढऱ्या पायाची. त्या काकूंनी पुढे चाळीस वर्षे कोणाचे मूल मांडीवर घेतले नाही. न्यायालयात निदान उलटतपासणी असते, अपील असते. माजघरातल्या निकालाला यातले काहीच नसते.

दुःखाला कोणीतरी गुन्हेगार हवा असतो. चौकशी करणाऱ्याने मात्र दुःखाच्या मागे न जाता पुराव्याच्या मागे जावे, आणि पुरावा जेथे संपेल तेथे थांबून 'ठाऊक नाही' असे म्हणण्याचे धैर्य दाखवावे. ते गेलेल्या बाळाचेही देणे आहे.