सिरोंचाची वाट आणि ऑइलचा डबा

फुफीअम्मांच्या भेटीला सिरोंचाला जायचं ठरलं, तेव्हा घरात पहिली चर्चा झाली ती गाडीची. आमची मारुती ८०० वीस वर्षांची. चंद्रपुरात बाजार, शाळा, दवाखाना एवढ्यासाठी ती उत्तम. पण दोन वर्षांपासून ती ऑइल खात होती. टॅपेट कव्हरचं पॅकिंग दोनदा बदललं, पुढचं ऑइल सील एकदा. महिनाभर बरं चाले, मग पुन्हा अंगणात काळा डाग. "जुनी गाडी आहे, डबा सोबत ठेवा," असं आमच्या मिस्त्रींनी सांगितलं. आम्हीही तेच करू लागलो. अब्बांचा सगळा राग चंद्रपूरच्या कोळशाच्या धुळीवर.

बस होती. पण फुफीअम्मांचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, त्यांना परत सोबत आणायचं होतं, म्हणून गाडीच काढली. डिसेंबरची सकाळ. बल्लारपूरच्या कागद कारखान्यावरून कोठारी, गोंडपिपरी आणि मग वैनगंगेच्या पुलावरून आष्टी. थोडं पुढे चपराळ्याजवळ वैनगंगा आणि वर्धा एकत्र येतात आणि नदीचं नाव प्राणहिता होतं. तीच प्राणहिता पुढे सिरोंचाला भेटते. आम्ही रस्त्याने तिच्यासोबतच जाणार होतो.

आष्टीनंतर जंगल सुरू होतं, आणि सुरजागडचं लोहखनिज वाहणारे ट्रकही. लाल धूळ, खड्डे, दोन्ही बाजूंना साग. चौडमपल्लीच्या पुढे एका वळणावर ऑइलचा लाल दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. अब्बांनी लगेच गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. तेवढं एक काम आमच्याकडून बरोबर झालं. तो दिवा ऑइल थोडं कमी झालं म्हणून लागत नाही. पंपाला ऑइल ओढताच येईनासं झालं की लागतो. तसंच आणखी दोन किलोमीटर रेटलं असतं तर बेअरिंग गेले असते.

दहा मिनिटांनी पट्टी काढून पुसली, पुन्हा घालून पाहिली. कोरडी. डबा उघडला, तर त्यात जेमतेम पेलाभर ऑइल. मागच्या वेळी ओतून झाल्यावर नवा घ्यायचा राहिला होता. मोबाइलला रेंज नाही. अम्मी काही बोलल्या नाहीत, नुसती तसबीह काढली. मुलं मात्र वाघाच्या गोष्टी करू लागली.

तेलंगणाचा एक ट्रकवाला थांबला. मराठी तोडकं, पण काम समजलं. त्याने आपल्या केबिनमधून दोन लिटर ऑइल दिलं. ते डिझेल इंजिनाचं, पेट्रोल गाडीत चालेल का, अशी शंका अब्बांना. तो हसून म्हणाला, कोरड्या इंजिनापेक्षा बरं. पैसे मात्र कितीही म्हटलं तरी घेईना. दिवा विझला तसं हळूहळू आलापल्ली गाठलं.

आलापल्ली हे सागाचं गाव. लाकडाच्या डेपोला लागून एका म्हाताऱ्या मिस्त्रींचं टपरीवजा गॅरेज. त्यांनी कुठलंही पॅकिंग उघडलं नाही. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण काढलं आणि वर तळहात धरला. आतून फक् फक् हवा येत होती. मग टॅपेट कव्हरवरून एअर फिल्टरकडे जाणारा ब्रीदर पाइप काढून आम्हाला दाखवला. आत डांबरासारखा गाळ. इंजिनातल्या वाफेला बाहेर पडायला जागाच नव्हती. ती दाबाने ऑइलला सीलमधून, पॅकिंगमधून बाहेर ढकलत होती. म्हणून नवं पॅकिंगही टिकत नव्हतं.

"गाडी गावातच फिरते ना?" त्यांनी विचारलं. छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, आतला ओलावा उडत नाही, त्याचाच हा गाळ. दोन वर्षं आम्ही धुळीला दोष दिला, आणि दोष होता आमच्या शाळा-बाजाराच्या फेऱ्यांचा.

पाइप आणि त्याचा व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतला, ऑइल आणि फिल्टर बदलला. तोवर आम्ही जोहर पढून घेतली. मुसाफिरी असल्याने चार फर्जांचे दोन. आता पुढचे शंभर किलोमीटर जायचं की परत फिरायचं? मिस्त्री म्हणाले, जा, पण जिमलगट्ट्याला थांबून पट्टी बघा. रिंगा थोड्या झिजल्या आहेत, ते काम चंद्रपूरला जाऊन करा. ते मी लपवत नाही.

जिमलगट्ट्याला पट्टीवरची खूण होती तिथेच होती. मगरिब वाटेत झाली. अंधारात सिरोंचाला पोचलो तेव्हा फुफीअम्मा दारातच खुर्ची टाकून बसलेल्या. १९८२ मध्ये गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, तरी त्यांच्या तोंडी अजून "आपला चांदा जिल्हा"च. शेजारणी त्यांच्याशी तेलुगूत बोलत होत्या, त्या मराठीत उत्तरं देत होत्या.

रात्री अब्बांनी इंजिनाखाली जुना पेपर पसरला. फजरनंतर सगळे आधी तोच बघायला गेलो. दोन थेंब होते, तेही सुपारीएवढे.