चितेगाव ते लुंबिनी : एका फौजी घराचा परदेश प्रवास



परदेश म्हटला की आपल्या वस्तीत लोक हसतात. विमान, पासपोर्ट, लाखालाखाचा खर्च. ही साहेबलोकांची कामे, असे आपण मानून चालतो. आमचे चितेगाव पैठण रोडवरचे. औरंगाबादहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून, पैठणकडे निघाले की कारखान्यांच्या भिंती लागतात आणि त्यांच्या आसऱ्याने आमचे गाव. येथे कोणी कंपनीत आहे, कोणी रोजाने जातो, कोणी फौजेत. आमच्या घरात दोन पिढ्या फौजेच्या. माझे मालक महार रेजिमेंटमधून २०१५ साली हवालदार म्हणून पेन्शनवर आले आणि आता एका कंपनीच्या गेटवर ड्यूटी करतात. थोरला मुलगा सध्या फौजेत आहे.

गेल्या नोव्हेंबरात आम्ही परदेशी जाऊन आलो. देश नेपाळ, ठिकाण लुंबिनी. गावाहून निघालो चौघे, खर्च आला सव्वीस हजार रुपये. हे कसे जमवले ते सांगते. एक चूक झाली तीही सांगते, कारण ती दुसऱ्या फौजी घराकडून होऊ नये.

फौजी माणूस देश पाहतो, पण हुकमाने पाहतो. मालकांनी काश्मीर पाहिले, आसाम पाहिला, राजस्थानची वाळू पाहिली. आम्ही घरच्यांनी पाहिले ते मनीऑर्डरचे फॉर्म. १९९९ साली त्यांची सुट्टी मंजूर झाली होती, सगळ्यांनी लुंबिनीला जायचे ठरले होते. कारगिल पेटले आणि सुट्टी रद्द झाली. पुन्हा २००१ च्या डिसेंबरात ठरवले, तर संसदेवर हल्ला झाला आणि पलटन सीमेवर गेली. पुढे मुलांची शिक्षणे, मधल्या मुलीचे लग्न. लुंबिनी मागेच पडत गेली. माझ्या सासूबाई, आत्याबाई, तेव्हा पन्नाशीत होत्या. आता त्यांना ७६ वे चालू आहे आणि गुडघे बोलतात. एका वर्षावासात ग्रंथवाचन ऐकून घरी आल्या आणि म्हणाल्या, “मह्या जिवात जीव हाय तवर ती जागा दाखवा.” त्यानंतर टाळता आले नाही.

पैसा कसा उभा केला

बचत गटात मी महिन्याला पाचशे रुपये टाकत होते. पाच वर्षांत तीस हजार झाले. घरात मुलाचे म्हणणे वेगळे पडले. त्याच्या एका दोस्ताच्या घरचे थायलंडला विमानाने जाऊन आले होते. तो म्हणाला, “आई, थोडे मी घालतो, आजीला विमानात बसवू.” त्याचे मन मोठे, पण मी हिशेब मांडला. थायलंडला प्रत्येकाचा पासपोर्ट, विमानाचे तिकीट, तिथले हॉटेल. तीस हजारांत एकच माणूस कसाबसा गेला असता. नेपाळला तेवढ्यात घर गेले. कर्ज काढून यात्रा करायची नाही, हे आम्ही पहिल्या दिवशीच ठरवले होते.

वेळही विचार करून निवडली. नेपाळच्या तराईत उन्हाळा सोसत नाही, आणि डिसेंबर-जानेवारीत धुके असे पडते की गाड्या तासन्‌तास अडकतात. दिवाळीची सुट्टी झाली की हवा बरी, मुलांची शाळाही बुडत नाही. आणखी एक कारण मनात होते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा दिल्यानंतर बाबासाहेब नोव्हेंबरात काठमांडूला जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावरचे त्यांचे गाजलेले भाषण तिथलेच. प्रकृती ढासळलेली असताना त्यांनी तो प्रवास केला. ६ डिसेंबरला ते आपल्याला सोडून गेले. आजारी शरीराने ते नेपाळला जाऊ शकतात, मग आपण गुडघ्याचे काय सांगायचे?

जुनी वाट

निघण्याआधी विहारात एका धम्मबंधूंनी एक गोष्ट सांगितली. सुत्तनिपातात बावरी नावाचा एक वृद्ध आचार्य गोदावरीच्या काठी राहतो. तो आपल्या सोळा शिष्यांना बुद्धांकडे प्रश्न विचारायला पाठवतो. ते शिष्य प्रतिष्ठान, म्हणजे आपले पैठण, मग माहिष्मती, उज्जैन, विदिशा, कोशंबी, साकेत असे करत श्रावस्तीला पोहोचतात. तिथून पुढे त्यांच्या वाटेत कपिलवस्तू आणि कुशीनारा ही नावेही येतात. हे ऐकून आत्याबाई म्हणाल्या, “म्हंजी आपल्या भागातले लोक तवा पायी गेले. आपल्याला तर आगगाडी हाय.”

आम्ही औरंगाबादहून मनमाडला गेलो आणि मनमाडला काशी एक्स्प्रेस धरली. ही गाडी वाराणसीवरून गोरखपूरला जाते. तिकीट तीन महिने डोळ्यासमोर ठेवून, आरक्षण उघडले तसे स्लीपरचे काढले. आत्याबाईंना खालची बर्थ मिळाली. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि पिठले पहिल्या दिवशी पुरले. वाराणसीला उतरून सारनाथ पाहिले, तिथून गोरखपूर. गोरखपूरपासून कुशीनगर सुमारे पन्नास किलोमीटर. तिथल्या महापरिनिर्वाण विहारातील तथागतांची पहुडलेली मूर्ती वीस फुटांची आहे. आत्याबाई तिच्याभोवती हळूहळू फिरल्या आणि पायांशी बसून राहिल्या. विहारांच्या धर्मशाळांत राहिलो, दान दिले, जेवण साधे घेतले. येथपर्यंत सगळे ठरवल्याप्रमाणे झाले.

नोकरीवरच्या जवानांच्या घरांसाठी एक गोष्ट सांगून ठेवते. रेल्वे वॉरंट असो की प्रवासाची सरकारी सवलत, ती देशाच्या हद्दीपर्यंतच. पण गोरखपूर काय किंवा त्यापुढचे नौतनवा स्टेशन काय, दोन्ही भारतातच आहेत. नौतनवापासून सोनौलीची सीमा सात-आठ किलोमीटर. म्हणजे लांबचा प्रवास देशातच होतो, आणि परदेशाचे अंतर जीपने कापता येते. आपल्या वाट्याला कोणती सवलत येते ते युनिटच्या ऑफिसातून आधी विचारून घ्यावे.

चूक

मुलगा त्याच्या युनिटमधून सुट्टीवर थेट गोरखपूरला आला. आजीला त्याने उचलूनच घेतले. तो लहान असताना मालक सीमेवर आणि मी शेतात असायची. त्याला आत्याबाईंनीच वाढवले. रात्री जेवताना मालकांनी सहज विचारले, “परवानगीचा कागद आणलास ना?”

मुलगा म्हणाला, “कसला कागद? नेपाळला पासपोर्टसुद्धा लागत नाही, पप्पा.”

मालकांनी घास खाली ठेवला. नेपाळला आपल्याला पासपोर्ट-व्हिसा लागत नाही हे खरे, तरी तो परदेशच. नोकरीवरच्या जवानाला सुट्टीत देशाबाहेर जायचे तर वरिष्ठांची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते, आणि तिला वेळ लागतो. मुलाने अर्जच केला नव्हता. त्याला वाटले होते, सोनौलीला हजारो माणसे रोज चालत जातात, कोण विचारतो?

ते खरेच होते. आम्ही दुसऱ्या दिवशी सोनौलीला पोहोचलो तेव्हा कमानीखालून सायकली, हातगाड्या, बाया-पोरे येत-जात होती. साध्या कपड्यातल्या आमच्या पोराला कदाचित कोणी हटकलेही नसते. आत्याबाईंनी त्याचा हात धरला आणि म्हणाल्या, “चाल रं, कोनाला कळतंय.”

मालक काही बोलले नाहीत. बोलला तो मुलगाच. “आजी, कोणाला नाही कळणार, पण मला तर कळेल.”

आत्याबाई तिथेच पायरीवर बसल्या. “मग मीबी न्हाई जात.” पंचवीस वर्षे ज्या जागेची वाट पाहिली ती तीस किलोमीटरवर होती आणि त्या बसून राहिल्या. माझ्या डोळ्यांना पाणी आले. शेवटी मुलगा त्यांच्याजवळ उकिडवा बसला. म्हणाला, “मी पुढच्या वर्षी कागद घेऊन येतो. तेव्हा वाट दाखवायला घरातले कोणी पाहून आलेले नको का? तू पाहून ये.” त्यावर त्या उठल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता याच कमानीपाशी भेटायचे ठरले.

लुंबिनी

कागदांचे असे. १५ ते ६५ वयाच्या माणसाने मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट जवळ ठेवावा. या वयाच्या माणसाने आधार कार्डावर विसंबू नये. आमच्याकडे दोघांची मतदार कार्डे होती. आत्याबाई ६५ च्या वर आणि धाकटी १४ वर्षांची, म्हणून त्यांची आधार कार्डे चालली. भारताच्या १०० रुपयांना नेपाळचे १६० मिळतात, हा दर १९९३ पासून ठरलेला आहे. शंभराच्या आणि त्याहून लहान नोटा न्याव्यात. मोठ्या नोटांचा नियम वेळोवेळी बदलतो, तो सीमेवर विचारून घ्यावा. आपला मोबाइल तिकडे चालेलच असे नाही, म्हणून भेटीची वेळ आधीच पक्की करावी.

सीमेपलीकडे चार-पाच किलोमीटरवर भैरहवा, आणि तिथून बावीस किलोमीटर लुंबिनी. भैरहव्याला चहाच्या टपरीवर एका वयस्क माणसाने मालकांच्या उभे राहण्यावरून ओळखले. “कौन सी पलटन?” तो भारतीय फौजेच्या गोरखा पलटणीतून पेन्शनवर आलेला निघाला. भारताच्या सात गोरखा रेजिमेंटमध्ये नेपाळच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या नोकरी केली आहे. त्याने चहाचे पैसे घेतले नाहीत, आणि बसमध्ये आत्याबाईंना पुढची जागा मिळवून दिली.

लुंबिनीचा परिसर सुमारे पाच किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटर रुंद आहे. जपानी वास्तुकार केंझो टांगे यांनी त्याचा आराखडा १९७८ मध्ये पुरा केला. मधून कालवा, एका बाजूला थेरवादी देशांचे विहार, दुसऱ्या बाजूला महायानी देशांचे. म्यानमार, थायलंड, श्रीलंका, चीन, जर्मनी. मुलाला जो थायलंड दाखवायचा होता त्याचा विहारही येथे पाहायला मिळाला! फिरायला बॅटरीच्या रिक्षा मिळतात, म्हाताऱ्या माणसांसाठी त्या कराव्यातच. विहारांतून यात्रेकरूंच्या राहण्या-जेवणाची सोय अल्प दानात होते.

मायादेवी मंदिरात चपला काढून जावे लागते, आत फोटो काढू देत नाहीत. १९९६ साली उत्खननात सापडलेली जन्मस्थळाची शिळा काचेखाली आहे. बाहेर सम्राट अशोकाचा स्तंभ. तो १८९६ मध्ये पुन्हा उजेडात आला. राज्याभिषेकाला वीस वर्षे झाल्यावर राजा स्वतः येथे आला, येथे शाक्यमुनी बुद्धांचा जन्म झाला म्हणून त्याने शिळास्तंभ उभारला, गावाचा कर माफ केला आणि पिकाचा फक्त आठवा हिस्सा घ्यायचे ठरवले, असा त्यावरच्या ब्राह्मी लेखाचा अर्थ आहे. धाकटीने तो आजीला समजावून सांगितला. जन्मभर दुसऱ्याच्या रानात निंदण-खुरपण केलेल्या आत्याबाई म्हणाल्या, “राजा पाया पडाया आला आन्‌ गरिबाचा सारा कमी करून गेला. असा पायजे.” त्यांनी पंचशील म्हटले. मागे उभ्या असलेल्या श्रीलंकेच्या बायका त्यांच्या सुरात सूर मिळवून म्हणू लागल्या. भाषा कोणाची कोणाला कळत नव्हती, पाली मात्र सगळ्यांना येत होती.

दुसऱ्या दिवशी तिलौराकोटला गेलो. लुंबिनीपासून पश्चिमेला पंचवीस-तीस किलोमीटर. शाक्यांची कपिलवस्तू ती हीच, असे नेपाळात मानतात. पूर्वेकडच्या दरवाजाच्या विटा उरल्या आहेत. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सांगितले आहे की रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात युद्धाची वेळ आली, सिद्धार्थाने संघात युद्धाला विरोध केला आणि त्यासाठी घर सोडणे पत्करले. मालक त्या विटांशी बराच वेळ उभे राहिले. बावीस वर्षे बंदूक खांद्यावर वागवलेला माणूस. मी काही विचारले नाही. परतताना तेच म्हणाले, “बहुमत विरुद्ध गेले, तरी शाक्यांचा नियम त्याने मोडला नाही. शिक्षा स्वतःवर घेतली.” मला कळले, ते मुलाचाही विचार करत होते.

बाबासाहेब स्वतः सुभेदाराचे चिरंजीव. महूच्या छावणीत त्यांचा जन्म. शिस्त आपल्या घरात तेव्हापासूनची आहे.

परतीची भेट

नेपाळचे घड्याळ आपल्या पुढे पंधरा मिनिटे असते. आम्ही तिकडच्या चार वाजता कमानीपाशी आलो, तेव्हा मुलाच्या घड्याळात पावणेचार झाले होते. तरी तो उभा होता. आत्याबाईंनी पदराच्या गाठीतून पिंपळाचे पान काढले. झाडाचे तोडलेले नव्हे, खाली पडलेले. मुलानेही रिकामे दिवस काढले नव्हते. आपल्याच हद्दीतल्या पिपरहव्याला तो जाऊन आला होता. तिथल्या स्तूपात १८९८ मध्ये बुद्धांचे अस्थिपात्र सापडले होते, आणि त्यासोबतची परदेशी गेलेली रत्ने २०२५ मध्ये भारतात परत आली. गाडीत रात्रभर आजी लुंबिनी सांगत होती आणि नातू पिपरहवा.

तीस हजारांतले चार हजार परत आले. ते बचत गटात पुन्हा भरले आहेत, आणि मुलाने परवानगीचा अर्ज या वेळी सहा महिने आधीच दिला आहे. आत्याबाई रोज विचारतात, “कागद आला का रं?”