पायाळूच्या छातीतली कळ

मी पायाळू. आईच्या पोटातून आधी माझे पाय बाहेर आले, आणि पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावात तेवढ्या भांडवलावर मी आठव्या वर्षीच वैद्य झाले. साल १९७२. दुष्काळाचं. गावाबाहेर खडी फोडायचं काम निघालं होतं. दिवसभर हातोडे चालवून आणि पाट्या वाहून माणसं संध्याकाळी वाकडी होऊन आमच्या दारात यायची. कुणाच्या पाठीत उसण, कुणाच्या बरगडीत चमक. त्यांनी पालथं पडायचं आणि मी डावा पाय तीनदा टेकवायचा. "गेली गं पोरी," म्हणत माणूस उठायचा. एकदा एका बाईनं मोबदला म्हणून मूठभर सुकडी दिली होती.

माझ्या पायात काही होतं असं मला आज वाटत नाही. पण दुखणं सांगणारी माणसं मी फार जवळून ऐकली. नुसतं 'दुखतंय' कुणीच म्हणत नसे. चमक निघते, कळ येते, उसण भरते, ठसठसतं, जळजळतं, आवळतं. एकेका दुखण्याचा वेगळा शब्द.

त्या शब्दांची किंमत कळायला माझी चाळिशी उलटावी लागली. थंडीचे दिवस होते, पंधरा दिवस खोकल्यानं हैराण केलं होतं. वर्गात फळ्यावर लिहायला हात वर केला आणि छातीत डावीकडे अशी काही चमक निघाली की खडू खाली पडला. यजमानांनी त्याच दिवशी नगरला नेलं. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, माझ्या तोंडी एसटीच्या जुन्या पाटीवरचं नगरच बसलंय.) ईसीजी झाला, टूडी इको झाला, पट्ट्यावर पळवून टीएमटी झाली. सगळं नॉर्मल. "काही नाही झालेलं, घरी जा." दुखणाऱ्याची पंचाईत इथंच होते. बिल खरं असतं आणि दुखणं खोटं ठरतं.

पाथर्डीत एक म्हातारे डॉक्टर होते. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवले आणि विचारलं, "कसं दुखतं? तुमच्या शब्दांत सांगा बाई." मी म्हटलं, "चमक निघते. खोल श्वास घेतला की, कूस बदलली की." त्यांनी छातीच्या मधल्या हाडाच्या कडेला बोट दाबलं आणि मी किंचाळले. बरगडी जिथं कूर्चेनं त्या हाडाला जोडलेली असते, ती जागा खोकून खोकून दुखावली होती. त्याला कॉस्टोकॉन्ड्रायटिस म्हणतात. हृदयाची कळ सहसा अशी एका बोटानं दाखवता येत नाही, माणूस छातीवर मूठ ठेवतो, असं ते म्हणाले. शेक आणि गोळ्यांनी तीन आठवड्यांत उतरलं. खडीवरची निम्मी माणसं हेच घेऊन आली असतील.

नंतर वडील गेले, झोपेतच. दोन महिन्यांनी मला रात्री अडीचला जाग आली ती छाती धडधडत. हाताला मुंग्या, श्वास पुरेना, आता आपली पाळी असं वाटलं. वीस-पंचवीस मिनिटांत सगळं शांत. पुन्हा ईसीजी, पुन्हा नॉर्मल. या वेळचा शब्द होता धास्ती. अमेरिकेतल्या यादवी युद्धात सैनिकांना असंच व्हायचं. दा कोस्टा नावाच्या डॉक्टरनं अशी तीनशेच्या आसपास माणसं तपासून १८७१ मध्ये त्यावर लिहिलं. लोक त्याला सैनिकाचं हृदय म्हणू लागले. नगर रणगाड्यांचं, लष्कराचं गाव, म्हणून मला हे नाव फार जवळचं वाटलं. पण मी सैनिक नव्हते, मुलगी होते. बोलून, श्वासाचे व्यायाम करून, काही महिने गोळ्या घेऊन ते सुटलं.

जळजळीचं फार सांगत नाही. रात्री उशिरा ठेचा-भाकरी खाऊन लगेच आडवं होणाऱ्या घरात ती पाहुणी नसतेच. अन्ननलिका हृदयाच्या अगदी मागून जाते, दोघांच्या वेदनेचे तंतू मज्जारज्जूत शेजारी शेजारी शिरतात आणि मेंदू फसतो. तसे आपणही फसतोच की. 'काळीज फाटलं' म्हणताना हात छातीवर जातो, आणि मटणाच्या दुकानात काळीज मागितलं तर यकृत मिळतं.

मात्र 'नॉर्मल'वर माझा पुरता विश्वास नाही. माझ्या जाऊबाईंची अँजिओग्राफी स्वच्छ होती, तरी जिना चढला की छाती आवळायची. "बायकांचं असंच असतं," असं ऐकून त्या दोन वर्षं गप्प बसल्या. अँजिओग्राफीत मोठ्या धमन्या दिसतात, केसासारख्या बारीक नाहीत. त्या नीट खुलल्या नाहीत तरीही हृदयाला रक्त कमी पडतं, आणि हे बायकांत जास्त आढळतं. दुसऱ्या डॉक्टरांनी ते ओळखलं, औषध सुरू केलं. त्या 'आवळतं' म्हणत होत्या, 'चमकतं' नव्हे. शब्द पहिल्या दिवसापासून बरोबर होता.

मागच्या महिन्यात शेजारचे अण्णा पहाटे दारात आले. "बाई, उसण भरलीय, जरा पाय लावा." मी विचारलं, "कसं दुखतंय?" म्हणाले, "छातीवर दगड ठेवल्यावानी." कपाळावर घाम होता आणि छातीवर मूठ.

मी पाय लावला नाही. १०८ ला फोन लावला.